अडीच इंचांवर आलेली ॲनिमोनी: टाकी लहान म्हणून की आणखी काही?

जळगाव_खारंपाणी
राम राम मंडळी. जळगावात घरी खाऱ्या पाण्याची तीन फुटी टाकी आहे. त्यात दगड, वाळू, क्लाउनफिशची जोडी आणि एक बबल टिप ॲनिमोनी (ॲनिमोनी म्हणजे समुद्रफूल, फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी; बबल टिप ही शुंडकांच्या टोकाला फुगे असलेली जात). प्रवाळ ठेवलेले नाहीत, कायद्याने संरक्षित आहेत म्हणून त्या वाटेला गेलोच नाही. ॲनिमोनी आणली तेव्हा भर दुपारी फुलली की पाच-सहा इंच दिसायची. होळीनंतर ती आटत गेली, आता जेमतेम अडीच. आजारी म्हणावी तर बोटाला चिकटते, दगडाची फट सोडत नाही, रंगही टिकून आहे, थोडा फिका इतकंच. नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. तापमान दुपारी ३०-३१. लाइट दहा तास. तिला वेगळं खायला देत नाही, माशांचं जे पडेल ते. दुकानदाराचं म्हणणं, टाकी लहान म्हणून जीवही लहानच राहणार, मोठी टाकी घ्या. घ्यायची तयारी आहे, पण कारण खरंच तेच असेल तर. जाणकारांनी सांगावं.

नंदुरबारकर_रीफ
आधी ती नक्की बबल टिप आहे ना, ते बघा. पाय दगडाच्या फटीत रोवलेला म्हणताय, म्हणजे असावी. वाळूत पाय घालून बसणाऱ्या जाती वेगळ्या. आणि दगडावर बारीक, तपकिरी, दोन-तीन सेंटीमीटरच्या भरपूर दिसत असतील तर ती ऐपटेशिया, टाकीत तणासारखी माजणारी ॲनिमोनी. ती मोठी होण्याची वाट बघू नका, काढून टाका.

धुळे_प्राणिशास्त्र
भाऊ, टाकीवर पैसे घालण्याआधी एवढं वाचा. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते आणि घरी खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळते, त्यामुळे "टाकी जेवढी तेवढा जीव" हे वाक्य ऐकलं की मला राहवत नाही.

ॲनिमोनीला ठरलेलं माप नसतं. हाडं नाहीत, कवच नाही. मिळकत खर्चापेक्षा जास्त झाली की ती वाढते. कमी पडली की स्वतःचंच अंग खर्चून बारीक होते आणि तशी बारीक होऊन पुष्कळ काळ जगते. तिचा आकार म्हणजे तिचं पासबुक समजा. वय त्यात दिसत नाही. स्कॉटलंडमध्ये जॉन डॅलयेल यांनी १८२८ साली समुद्रकिनाऱ्यावरून एक ॲनिमोनी आणली होती. ती काचेच्या बरणीत १८८७ पर्यंत जगली, शेकडो पिल्लं दिली आणि शेवटपर्यंत लहानशीच होती. तिची जातच लहान. तुमची जात तशी नाही. खोल पाण्यात एकटी राहणारी बबल टिप फूटभर आणि त्याहून मोठी होते. उथळ पाण्यातली मात्र दुभंगत दुभंगत लहान लहान जीवांचा ताटवा करून राहते. एकच जात, दोन तऱ्हा. म्हणजे लहान असणं हा दर वेळी आजार नाही, पण पाच-सहा इंचांवरून अडीचवर येणं म्हणजे पासबुकातून पैसे जात आहेत.

आता मिळकत बघू. तिच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. ते उजेडात साखर बनवतं आणि बरीचशी तिला देतं. तुमचा लाइट दहा तास जळतो हे ठीक, पण तो गोड्या पाण्यातल्या झाडांचा साधा पांढरा एलईडी असेल तर तास वाढवून उपयोग नाही. रीफसाठीचा, म्हणजे प्रवाळांच्या टाकीवर लावतात तसा निळसर, जोरकस दिवा लागतो. तिचा फिका रंग मला तिथेच बोट दाखवायला लावतो. शैवाल कमी झालं की रंग उतरतो, पार पांढरी झाली की समजायचं शैवाल निघून गेलं.

पण मला जास्त खटकला तो तुमचा शून्य. नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य हे आपल्याकडे अभिमानाने सांगितलं जातं, दुकानातही तेच शिकवतात. अहो, त्या शैवालाला नायट्रेटमधलं नत्र आणि फॉस्फेटमधलं स्फुरद लागतं! कपाशीला खत लागतं हे खान्देशात कुणाला सांगावं लागत नाही, मग याच पिकाला उपाशी का ठेवायचं? नायट्रेट ५ ते १० पीपीएम (दहा लाख भागांत तेवढे भाग), फॉस्फेट ०.०३ ते ०.१ एवढं राहू द्या. क्लाउनफिशचं महत्त्वही इथेच आहे. मुख्यतः त्यांच्या कल्ल्यांतून सुटणारं अमोनिया शैवालाचं खत होतं आणि त्यांच्या वळवळीने तिच्या अंगावरून पाणी खेळतं. तांबड्या समुद्रात आणि प्रशांत महासागरात केलेल्या अभ्यासांत मासे सोबत असलेल्या ॲनिमोनी जास्त वाढताना दिसल्या. तुमची जोडी तिच्यात शिरून बसते की दुसऱ्या कोपऱ्यात राहते, ते कळवा.

तोंडाने खाणं हवंच. आठवड्यातून एक-दोनदा सोललेली कच्ची कोळंबी, नखाएवढा तुकडा. सुकट, खारवलेले बोंबील नकोत. दहा मिनिटं पंप बंद ठेवा, लांब चिमट्याने तुकडा शुंडकांना, म्हणजे तोंडाभोवतीच्या बोटांसारख्या अवयवांना, टेकवा आणि मासे पळवत नाहीत ना ते बघा. मी पहिल्यांदा जवळून पाहिलं तेव्हा त्या टोकाच्या फुग्यांखालून शुंडकं एकेक करून आत वळली आणि तोंडाची फट रुंद झाली, बघतच राहिले. तुकडा मोठा झाला तर ती दुसऱ्या दिवशी बुळबुळीत गोळा करून परत टाकते. तोंड आणि गुदद्वार एकच आहे, त्यामुळे तपकिरी चिकट लाळ दिसली तर घाबरू नका, ते तिचं शौच. खाण्यानंतर ती अंगातलं पाणी सोडून काही तास मलूल पडते, मग परत भरते. म्हणून माप घ्यायचं ते दुपारी, पूर्ण फुललेली असताना, आठ दिवसांतून एकदा.

खर्चाच्या बाजूला तापमान. ३१ अंश म्हणजे तिचा जीव भराभर खर्च होतो, गरम पाण्यात प्राणवायू कमी मुरतो, आणि शैवाल बिघडलं की ती ते बाहेर टाकते. २५ ते २७ हवं.

भुसावळ_टाकी
ताईंनी लाखमोलाचं लिहिलं. तापमानावर आमचा भुसावळी उपाय: पाण्याच्या पृष्ठभागावर आडवा पंखा. आपल्याकडे मे महिन्यात हवा कोरडी, म्हणून घरात कूलर जसा चालतो तसाच टाकीवर पंखाही चालतो, तीन-चार अंश सहज उतरतात. मुंबईच्या दमट हवेत एवढा फरक पडत नाही. फक्त उडतं ते पाणी, मीठ मागेच राहतं. रोज कमी झालेली पातळी बिनमिठाच्या आरओ पाण्याने भरा, बोअरचं पाणी घालू नका. पाण्याची घनता १.०२५-१.०२६ आहे का, ते रिफ्रॅक्टोमीटरने (खारेपणा मोजायच्या उपकरणाने) बघत राहा. आणि लाइट गेली तर निदान एक वेव्ह पंप (पाणी हलतं ठेवणारा) इन्व्हर्टरवर चालायला हवा.

जळगाव_खारंपाणी
ताई, भाऊ, मनापासून आभार. जोडी तिच्यातच झोपते. लाइट रीफचाच आहे, पण मी तो जरा उंच टांगला होता, आता खाली घेतो. घनता १.०२८ आली. आणि फॉस्फेट शोषणारं मीडिया फिल्टरमध्ये सतत चालू आहे, ते काढू का?

धुळे_प्राणिशास्त्र
काढा, पण अर्धं आज आणि उरलेलं पंधरवड्याने. दिवाही एकदम खाली नको, आठवड्याला दोन बोटं एवढाच. घनता दिवसाला ०.००१ पेक्षा जास्त उतरवू नका, हे बदल तिला घाईने सोसत नाहीत. मासे तिच्यात झोपतात हे ऐकून बरं वाटलं, त्यांचं खाणं दिवसातून दोनदा करा. वाढ दिसायला महिने लागतील. मध्येच दोन तोंडं दिसली तर ती दुभंगते आहे, हात लावू नका, दोन्ही तुकडे आपापली जागा धरतील. मात्र तोंड उघडं राहून आतला भाग बाहेर लोंबू लागला, पायाची पकड सुटली आणि वास आला, तर वाट बघू नका. तिला टाकीतून काढा. ती सडली तर पाणी नासून मासेही जातील.