मागच्या खोल्यांत शेगडी द्यायची की नाही: शनिवारच्या आत कळवा

प्रेषक: कार्यवाह
प्रति: सर्व सभासद

नमस्कार मंडळी,

गॅसवाल्यांचा माणूस शनिवारी सकाळी येतोय. आपल्या बडोद्याच्या मंडळाच्या वाड्यात, एकट्या बायकांसाठी असलेल्या मागच्या चारही खोल्यांत पाइपचा गॅस घ्यायचा की सामायिक स्वयंपाकघरात एकच जोडणी घ्यायची, हे त्याला त्याच दिवशी सांगावं लागेल. ओटे बांधायचे तर मिस्त्रीलाही आधी निरोप हवा. गेल्या बैठकीत या विषयावर काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, पुन्हा उगाळत नाही.

दुसरं, तिसऱ्या खोलीसाठी दोन अर्ज आले आहेत. एक निवृत्त शिक्षिका आहेत, वय ६८, लग्न केलेलं नाही, भावाकडे राहतात. दुसऱ्या विधवा आहेत, मुलगा सुरतेला असतो. खोली एकच आहे.

कार्यवाह

---

प्रेषक: खजिनदार
विषय: उत्तर: मागच्या खोल्यांत शेगडी

एकच जोडणी घ्यावी. चार जोडण्या म्हणजे चार मीटर, चार अनामती, आणि कोणाला विसर पडून गॅस उघडा राहिला तर जबाबदारी मंडळावर. सामायिक स्वयंपाकघरात एक बाई स्वयंपाकाला ठेवू, चौघींना दोन वेळचं गरम जेवण मिळेल. त्यांनाही या वयात आराम पडेल.

अर्जांबद्दल: या खोल्या ज्या देणगीतून चालतात तिच्या पत्रात ‘निराधार विधवा भगिनींसाठी’ असं आहे. शिक्षिकाबाईंबद्दल आदर आहे, पण त्या विधवा नाहीत आणि पेन्शन असल्याने निराधारही म्हणता येणार नाहीत. ऑडिटरपुढे मला उभं राहायचं असतं.

---

प्रेषक: माई, दांडिया बाजार
विषय: उत्तर: मागच्या खोल्यांत शेगडी

भाऊ, तुमच्या हिशेबावर मंडळ उभं आहे हे मी कुठेही सांगेन. पण शेगडी हा हिशेबाचा प्रश्न नाही.

माझ्या माहेरी, मांडवीजवळच्या वाड्यात, वडिलांची आत्या होती. अकराव्या वर्षी विधवा झालेली. आम्ही पाहिली तेव्हा साठीच्या पुढे होती, पण तीन पिढ्यांची बाळंतपणं तिनेच काढलेली. मागच्या पडवीत तिची वेगळी चूल होती. सोवळ्यासाठी होतीच, पण त्या चुलीवर ती आपल्या वेळेला आपला भात शिजवायची, एकादशीला वरीचे तांदूळ करायची, आणि शाळेतून आलेल्या आम्हा पोरांना तव्यावरचं थालीपीठ द्यायची. पुढे वाटण्या झाल्या. एका माणसासाठी दुसरी चूल कशाला, सगळ्यांबरोबर पानावर बसतील, असं ठरलं. कोणाच्या मनात वाईट नव्हतं. त्यानंतर आत्याने दुसऱ्यांदा भात मागितलेला मी पाहिला नाही. चारला उठायची आणि चहासाठी सात वाजेपर्यंत माजघरात बसून राहायची, कारण दूध-साखर आता दुसऱ्याच्या कपाटात. एक पितळी डबा तेवढा तिने स्वतःकडे ठेवला होता, कुलूप लावलेला. आत गूळ-दाणे, किल्ली पदराच्या गाठीला. कोणी पोर गेलं की डबा उघडायची.

दोन वेळचं गरम जेवण तिला मिळत होतं, भाऊ.

आश्रमांचा इतिहास आपण अभिमानाने सांगतो, तो बहुतेक तरुण विधवांचा आहे. शिकल्या, मास्तरीण झाल्या, नर्स झाल्या. पन्नाशी ओलांडलेलीने कुठे जायचं होतं? काशी, पंढरपूर, नाहीतर भाच्याची पडवी. आपल्या चार खोल्या पडवीसारख्या होऊ नयेत एवढंच माझं म्हणणं. चारही खोल्यांत शेगडी हवी. ज्यांना डबा हवा त्या डबा घेतील.

माई

---

प्रेषक: आप्पा (स्मरणिका)
विषय: उत्तर: मागच्या खोल्यांत शेगडी

माईंनी आश्रमांचा विषय काढला म्हणून. हा सगळा मजकूर स्मरणिकेसाठी माझ्याकडे तयार आहे, तेव्हा कृपया कोणी त्यावर वेगळा लेख पाठवू नये. थोडक्यात देतो.

जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवेने गुपचूप यावं, बाळंत व्हावं, हवं तर मूल ठेवून जावं. ते राहायचं घर नव्हतं, जीव वाचवायची जागा होती. पंडिता रमाबाईंचं शारदा सदन ११ मार्च १८८९ ला मुंबईत सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी पुण्याला आलं. तिथल्या मुलींना आपापलं सोवळंओवळं पाळायची मोकळीक होती. शेगडीचा वाद चालू आहे म्हणून हे मुद्दाम सांगतो. सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढच्या बाया कर्वे. १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी त्यांच्याशी लग्न केलं आणि १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला. प्लेगमुळे १९०० साली आश्रम हिंगण्याला गेला. रावबहादूर गोखल्यांनी सहा एकर जागा आणि ७५० रुपये दिले, त्यातून झोपडी उभी राहिली. फर्ग्युसनमध्ये शिकवून अण्णा कर्वे रोज पायी हिंगण्याला जायचे.

माई, आश्रम तरुणांसाठी होते हे खरं, त्यामागे विचार होता. शिकलेली बाई पुढे कोणाच्या पडवीत बसणार नाही. बाया कर्व्यांची बहीण पार्वतीबाई आठवले पाहा. विधवा, पदरात मुलगा, शिक्षण उशिरा. आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत फिरल्या आणि १९१८ साली, पन्नाशीला टेकलेल्या असताना, अमेरिकेला गेल्या. तिथे लोकांच्या घरची कामं करून राहिल्या. रमाबाई रानड्यांच्या पुण्यातल्या सेवासदनाने, १९०९ पासून, कितीतरी विधवांच्या हाताला परिचारिकेचं काम दिलं. या बायका म्हाताऱ्या झाल्या तेव्हा त्यांच्याकडे स्वतःची कमाई होती. आपल्या शिक्षिकाबाई त्याच वाटेवरच्या आहेत. त्यांना पेन्शन आहे म्हणून खोली नाकारायची, हे मला पटत नाही.

आप्पा

---

प्रेषक: ताई, अलकापुरी
विषय: उत्तर: मागच्या खोल्यांत शेगडी

आप्पा, बडोद्यात बसून सगळा इतिहास पुण्याचाच? स्मरणिका बडोद्याच्या मंडळाची आहे.

सयाजीरावांनी १९०४ साली बालविवाह प्रतिबंधक कायदा केला. बालवधूच नसेल तर बालविधवा कुठून येणार, हे मुळावरचं औषध होतं. १९०६ साली राज्यभर सक्तीचं प्राथमिक शिक्षण आणलं, मुलींनाही. शिकवायला बायका लागल्या, आणि एकट्या बाईला पगाराची वाट मिळाली. महाराणी चिमणाबाईंच्या नावाचं स्त्री उद्योगालय १९१४ चं. माझी आजी तिथे शिवण शिकली आणि त्या शिवणावर तिने तीन मुलं वाढवली. चिमणाबाई १९२७ साली पुण्याला भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्ष होत्या. आणि शेजारी सुरतेला वनिता विश्राम आहे, १९०७ पासून. तो बाजीगौरी मुनशी आणि शिवगौरी गज्जर यांनी काढला, दोघीही विधवा. कोणी उद्धार करायला येईल म्हणून त्या थांबल्या नाहीत. हे स्मरणिकेत यायलाच हवं. आप्पा, हवं तर मी लिहून देते.

ताई

---

प्रेषक: आप्पा (स्मरणिका)
विषय: उत्तर: मागच्या खोल्यांत शेगडी

बडोद्यावर स्वतंत्र चौकट आहेच. ताईंनी आजीबद्दल लिहावं, ते माझ्याकडे नाही. दीड पान. उद्योगालयातल्या वेळचा फोटो असेल तर उत्तम.

---

प्रेषक: वकीलकाका
विषय: उत्तर: तिसऱ्या खोलीचे अर्ज

‘विधवा की अविवाहित’ यावर लिहितो, गॅसवर नाही.

१९३७ च्या कायद्याने विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत हिस्सा दिला, पण हयातीपुरता. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम १४ ने ती पूर्ण मालक झाली. त्याच कायद्यात कलम २३ होतं. वारसांमध्ये पुरुषही असतील आणि घरात कुटुंबच राहत असेल, तर पुरुष वारस आपले हिस्से पाडायचं ठरवेपर्यंत बाईला घराची वाटणी मागता येत नसे. राहण्याचा हक्क मात्र होता. मुलीला तो कधी? अविवाहित असेल, नवऱ्याने टाकलेली किंवा त्याच्यापासून वेगळी झालेली असेल, किंवा विधवा असेल तर. कायदा करणाऱ्यांना दिसत होतं की छप्पर जाण्याचा धोका या सगळ्यांना सारखाच आहे. २००५ साली हे कलम काढून टाकलं आणि मुलगी मुलाच्या बरोबरीने आली. हा कागदावरचा कायदा झाला. भावाशी भांडायला नको म्हणून हक्कसोडपत्रावर सही करून दिलेल्या बहिणी माझ्या टेबलासमोर किती बसून गेल्या, त्या बहुतेक अविवाहित होत्या. विधवेला निदान सासर-माहेर दोन दारं असतात.

देणगीपत्राचं म्हणाल तर देणगीदारांचे वारस शहरातच आहेत. त्यांचं लेखी घ्या, विश्वस्तांचा ठराव करा. अडलंच तर धर्मादाय आयुक्तांकडे जाता येतं. खजिनदारसाहेबांना ऑडिटरची काळजी राहणार नाही.

---

प्रेषक: लेक, म्युनिकहून
विषय: उत्तर: मागच्या खोल्यांत शेगडी

नमस्कार, मी माईंची धाकटी. लिस्टवर बरीच वर्षं आहे, लिहीत नाही.

इथून तासाभरावर आउग्सबुर्ग आहे. तिथे फुगराय नावाची वस्ती आहे, याकोब फुगर या सावकाराने १५२१ साली गरजू गावकऱ्यांसाठी बांधलेली. अजून लोक राहतात. वर्षाचं भाडं ८८ सेंट, आणि रोज तीन प्रार्थना. आई आली होती तेव्हा तिला घेऊन गेले होते. घरं लहान, पण प्रत्येक बिऱ्हाडाला रस्त्यावर उघडणारं स्वतःचं दार आहे. दारावरच्या घंटेच्या ओढण्या वेगवेगळ्या आकाराच्या आहेत, अंधारात हाताने चाचपून आपलं दार ओळखता यावं म्हणून. आई एकेक ओढणी हात लावून बघत होती.

ही वस्ती कुटुंबांसाठीही होती, फक्त बायकांसाठी नाही. खास बायकांची घरं बेल्जियमकडे, बेगीनांची. तेराव्या शतकापासून विधवा आणि लग्न न केलेल्या बायका तिथे एकत्र राहत. नन होण्याची अट नाही, स्वतःचे पैसे स्वतःकडे, सूत-कापडाच्या कामावर पोट, वाटलं तर सोडून जाता येई. मधे अंगण, भोवती घरं. त्यातल्या तेरा वस्त्या १९९८ साली जागतिक वारसा यादीत घेतल्या. विधवा आणि अविवाहित असा भेद तिथे सातशे-आठशे वर्षांपूर्वी केला नाही.

---

प्रेषक: खजिनदार
विषय: उत्तर: मागच्या खोल्यांत शेगडी

फुगरायची माहिती चांगली आहे. रात्री फाटक बंद करतात का? आपल्याकडे पुढच्या दरवाज्याची किल्ली कोणाकोणाला द्यायची हा प्रश्न दिवाळीपासून पडून आहे.

---

प्रेषक: लेक, म्युनिकहून
विषय: उत्तर: मागच्या खोल्यांत शेगडी

दहाला बंद करतात. उशिरा येणाऱ्याला पहारेकरी दार उघडतो, किरकोळ पैसे घेतो.

---

प्रेषक: युवा शाखा
विषय: उत्तर: मागच्या खोल्यांत शेगडी

इंडक्शन का नको? गॅसचा धोका नाही, मीटर नको, उद्याच आणता येईल.

---

प्रेषक: माई, दांडिया बाजार
विषय: उत्तर: मागच्या खोल्यांत शेगडी

बाळा, पहिल्या खोलीतल्या आजी रोज भाकरी करतात. भाकरी आचेवर फुगते. त्यांची पितळेची पातेली, ॲल्युमिनियमचा कुकर, काहीच त्या यंत्रावर चालणार नाही. शिवाय बटणावरची अक्षरं त्यांना दिसत नाहीत. ज्योत विझली की गॅस आपोआप बंद होतो अशा शेगड्या मिळतात. भाऊंची काळजी रास्त आहे, त्यासाठी त्या घ्या, आणि रात्री बाहेरचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करायचं काम मी माझ्याकडे घेते. दोन घरं सोडून तर राहते.

---

प्रेषक: शिक्षिकाबाईंची शेजारीण
विषय: उत्तर: तिसऱ्या खोलीचे अर्ज

अर्ज माझ्याच हाताने भरला म्हणून लिहिते. त्यांच्याकडे स्वतःच्या नावाचा पत्त्याचा एकही कागद नाही. घर भावाच्या नावावर, वीजबिल भावाच्या नावावर, गॅस वहिनींच्या नावावर. पेन्शन आहे, पण बँकेत पत्ता बदलायचा तर भावाची सही लागली. आयुष्यभर शाळेत शेकडो मुलांचे दाखले लिहिले त्या बाईने. खोलीत गॅसचा मीटर बसला आणि बिल त्यांच्या नावावर आलं तर पत्त्याचा पुरावा होईल. निराधार कोणाला म्हणायचं हे ठरवताना हे बघा.

---

प्रेषक: खजिनदार
विषय: उत्तर: तिसऱ्या खोलीचे अर्ज

हे मला माहीत नव्हतं. चार शेगड्यांना माझी हरकत नाही, माईंनी सांगितल्या तशाच घ्याव्यात. पण बिल रहिवाशाच्या नावावर द्यायला मी तयार नाही. पुढे त्यांच्या पश्चात भाचे-पुतणे येऊन खोलीवर हक्क सांगतील. असं घडलेलं मी जवळून पाहिलं आहे. वाडा गेला तर पुढच्या बायकांचं काय?

---

प्रेषक: वकीलकाका
विषय: उत्तर: तिसऱ्या खोलीचे अर्ज

धास्ती बरोबर आहे. नुसत्या बिलाने मालकी येत नाही, पण कागद मोघम असला तर कोर्टात वर्षं जातात. प्रत्येकीशी राहण्याच्या परवानगीचा करार करा, ‘हयातीपर्यंत, वारसांना लागू नाही’ असं स्पष्ट लिहून, नोटरीपुढे. मंडळाचं ना-हरकत पत्र जोडलं की बिल त्यांच्या नावावर घेता येईल. मसुदा शनिवारी आणतो.

---

प्रेषक: कार्यवाह
विषय: उत्तर: मागच्या खोल्यांत शेगडी

चार जोडण्या, शनिवारी सकाळी १० वाजता. मिस्त्रीला सांगितलं आहे, ओटे ३० इंचांचे, कारण बसून स्वयंपाक करणाऱ्या दोघी आहेत आणि स्टूल ओट्याखाली जायला हवं.

दोन्ही अर्जदारांना त्याच दिवशी बोलावतोय. सुरतेच्या मुलाशी मी बोललो. आईने आमच्याकडे राहावं असं तो म्हणतो, आई नाही म्हणतात. माई आणि ताई, तुम्ही दोघींनी त्यांच्याशी वेगळं बसून बोलावं, आम्ही पुरुष मंडळी समोर नको. देणगीदारांच्या घरी खजिनदार आणि वकीलकाका रविवारी जातील. बिलाच्या नावाचं शनिवारी मसुदा वाचून ठरवू. खजिनदारांचा विरोध इतिवृत्तात नोंदवतो.

आप्पा, स्मरणिकेचे विषय कृपया वेगळ्या पत्रात.

कार्यवाह