‘संशयकल्लोळ’ सव्वादोन तासांत बसवायचं, तर कात्री कशावर?

(‘तिसरी घंटा’, ‘विंगेतून’ आणि ‘पेटी आणि पडदा’ ही या चर्चेत बोलणाऱ्या तिघांची टोपणनावं.)

तिसरी घंटा
पुण्यातल्या हौशी नाट्यसंस्था गो. ब. देवलांचं संगीत नाटक ‘संशयकल्लोळ’ बसवायला घेतात तेव्हा पहिल्या वाचनालाच प्रश्न येतो: पाच अंक सव्वादोन तासांत आणायचे कसे? माझं मत, पदं ठेवा, स्वगतं कापा. रेवतीला भोवळ येते, फाल्गुनराव तिला सावरतो, त्याची बायको कृत्तिका ते लांबून पाहते. रेवतीजवळची तिच्या प्रियकराची, अश्विनशेठची तसबीर पडते, ती कृत्तिकेच्या हाती लागते, आणि तेवढ्यात फाल्गुनराव हजर! हे सगळं प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर घडतं. मग प्रत्येकाने पुढे येऊन ‘मला काय वाटलं’ हे का सांगत बसायचं? प्रेक्षक पात्रांच्या दोन पावलं पुढे असतो, त्याला मागे ओढू नका. फ्रेंच नाटककार मोलिएरने १६६० साली हाच गोंधळ एका अंकात मांडला होता.

विंगेतून
मोलिएर तुमच्या बाजूने बोलत नाही. त्या एका अंकातही संशयी नवरा स्गानारेल एकटा उभा राहून लांबलचक बोलतो: लढावं तर जीव जाणार, गप्प बसावं तर अब्रू. नाटकातला सगळ्यात मोठा हशा त्याच भाषणाचा आहे. प्रेक्षकाला घटना दिसते, पण पात्राने तिचा लावलेला अर्थ दिसत नाही, आणि हसू त्या अर्थाला येतं. फाल्गुनराव पुराव्याची एकेक कडी किती तर्कशुद्ध जोडतो हे ऐकू आलं पाहिजे. स्वगत कापलं की उरतो नुसता चिडलेला नवरा.

कापायचंच असेल तर पदांतली आलापी कापा. देवलांनी १८९३ मध्ये हे नाटक गद्यात केलं होतं, ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’. पदांसह ते १९१६ मध्ये आलं. म्हणजे विनोदाचा सांगाडा पदांशिवाय उभा होता.

तिसरी घंटा
सांगाडा उभा होता, मान्य. पण अश्विनशेठ आणि रेवतीचं प्रेम खरं आहे हे प्रेक्षकाला पदांतून पटतं. रेवती नायकिणीची मुलगी, अश्विनशेठ तिच्याशी लग्न करू पाहणारा. तिच्यावर संशय घ्यायला गावाला निमित्तच लागत नाही. ती निष्पाप आहे हे आधी सुरांतून मनात बसलं, तरच पुढचा गैरसमज जिवाला लागतो आणि हसवतोही. पद दोन मिनिटांवर आणलंत तर ही जोडी फाल्गुनराव-कृत्तिकेच्या जोडीची सावली होऊन राहते.

पेटी आणि पडदा
तालमीत खरी गफलत तसबिरीपाशी होते, तिकडे दोघांचंही लक्ष नाही. बालगंधर्वसारख्या मोठ्या थिएटरात तळहाताएवढी तसबीर पंधराव्या रांगेत दिसतच नाही. साधारण ५ बाय ७ इंचांची, सोनेरी चौकटीची घ्या. काच काढून टाका, नाहीतर स्पॉट उलटा प्रेक्षकांच्या डोळ्यांत जातो. ती रंगमंचाच्या पुढच्या पट्टीत, मध्याच्या थोडी बाजूला पडावी. रेवतीला सावरणाऱ्या फाल्गुनरावाची पाठ तसबिरीच्या आड येता कामा नये. सगळ्यात जास्त वेळा चुकतं ते हेच. रेवतीला नेल्यावर तीन-चार सेकंद रंगमंच रिकामा ठेवा. तसबीर पडलेली पाहिलीच नसेल, तर पुढचं स्वगत ठेवा किंवा कापा, हशा येणार नाही.

विंगेतून
हे अगदी बरोबर, आणि यात भाषेचंही भान हवं. त्या काळची बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. ‘इकडून’, ‘स्वारी’ असं बोलते. नाव न घेता चाललेल्या बोलण्यात ‘ते’ म्हणजे कोण हे ऐकणारा आपल्या संशयाप्रमाणे ठरवतो. हल्लीच्या आवृत्तीत सोपं करायचं म्हणून ‘ते’च्या जागी ‘अश्विनशेठ’ घालतात आणि गैरसमजाची जागाच बुजवतात. दुसरं, मराठी वाक्य क्रियापदावर संपतं, त्यामुळे डंख मारणारा शब्द मध्येच बुडतो. ‘मी तुला त्याच्याबरोबर पाहिलं’ यापेक्षा ‘पाहिलं मी तुला, त्याच्याबरोबर’ हे हशाला नेमकं पडतं. हशा ओसरायला लागला की पुढचं वाक्य उचला. पूर्ण शांततेची वाट पाहिलीत तर लय गेली, हशाच्या भरात बोललात तर माहिती गेली. आणि या नाटकात एक माहिती हुकली की पुढचे दोन प्रवेश कळत नाहीत.

तिसरी घंटा
‘ते’ आणि ‘स्वारी’ला हात लावायचा नाही, यावर आपलं एकमत आहे. पण मग तुमच्याच न्यायाने, संवादातून जो चुकीचा अर्थ ऐकू आला, तो स्वगतात पुन्हा कशासाठी? फाल्गुनरावाचं पहिलं मोठं स्वगत अखंड ठेवा, त्याच्या विचाराची पद्धत तिथे एकदा कळते. नंतरची एका वाक्यावर आणा, किंवा नुसत्या नजरेवर.

विंगेतून
फाल्गुनरावापुरतं कदाचित चालेल. कृत्तिकेची कापू नका. नवऱ्यासमोर तिला निम्मं गिळावं लागतं, मोकळं बोलायला तिला स्वगताशिवाय जागा नाही. तिचा संशय त्याच्याइतकाच भरभक्कम ऐकू आला नाही, तर नाटक एकट्या संशयी नवऱ्याचं होतं आणि ‘कल्लोळ’ उरत नाही.