पानांपेक्षा ग्लास नडतात

वर कुणीतरी म्हटलंय की हजारांची पंगत केळीच्या पानावर बसवणं अशक्य. आमच्या जळगावच्या केळीपट्ट्यात, रावेर-यावलकडे या, भाऊ! घड कापला की पानं बांधावरच पडतात. वाऱ्यानं फाटलेली मात्र चालत नाहीत, वरण थेट सतरंजीवर. सप्त्याच्या भंडाऱ्यात वरण-बट्टी, वांग्याची भाजी पानावरच वाढली. उष्टी पानं दुपारपर्यंत गुरांनी संपवली. नाला तुंबला तो कागदी ग्लासांनी. आतून प्लॅस्टिकचा थर असतो त्यांना, कुजणार कसे? थर्माकोलच्या ताटांवर 2018 पासून राज्यात बंदी आहे, पण ग्लासाकडे कुणाचं लक्ष जात नाही. यंदा गावकीचे स्टीलचे ग्लास काढलेत. धुवायला कोण, यावरून भांडण सुरू आहे.