जुन्या डेस्कटॉपला एसएसडी: पैसे पाण्यात?

खटपट्या: काल इथे एका साहेबांनी लिहिलं, "दहा वर्षं जुन्या डेस्कटॉपला हार्डडिस्क काढून एसएसडी लावणं म्हणजे म्हाताऱ्या बैलाला नवी झूल, भंगारात घाला आणि नवीन घ्या". डोकंच फिरलं. अहो, टास्क मॅनेजर उघडून बघितलंय का कधी? सीपीयू निवांत बसलेला आणि डिस्क १०० टक्के. हार्डडिस्कचं हेड इकडून तिकडे पळणार, एकेक फाइल गाठायला दहा-बारा मिलीसेकंद, आणि विंडोज चालू होताना अशा बारीक फायली हजारोंनी उचलतं. एसएसडीत सगळं चिपवर, फिरायला काही नाहीच. माझं जुनं आय-थ्री प्रोसेसरचं मशीन, एच६१ मदरबोर्ड, २४० जीबीची साधी साटा (ड्राइव्ह जोडायची नेहमीची केबल) एसएसडी टाकली, आता बटण दाबून खुर्ची पुढे ओढेपर्यंत डेस्कटॉप समोर.

स्पष्टवक्ता: झूलवाला मीच. एच६१ ला साटा-३ नाहीच, सगळे पोर्ट साटा-२, म्हणजे सेकंदाला ५५० एमबीचा ड्राइव्ह २८० च्या आतच अडकणार. शिवाय १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि किमान आठव्या पिढीचा इंटेल लागतो. तुमच्या आय-थ्रीला विचारतो कोण?

खटपट्या: ५५० चा आकडा मोठी फाइल कॉपी करताना, रोजच्या कामात तिथे पोचतंय कोण? आणि विंडोज नको तर त्याजागी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम टाका, फुकट आहे.

माऊली_डीटीपी: लिनक्सवर पेजमेकर, म्हणजे आमचं पानं लावायचं सॉफ्टवेअर, चालवून दाखवा मग! आमचं सगळं विंडोज सेव्हनवर, जुन्या फाँटमध्ये. दुकानदार "क्लोन करतो", म्हणजे जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल नव्यावर, म्हणाला आणि कोरी विंडोज टाकून मोकळा झाला. फाँट गायब. पत्रिका उघडली तर "चि. सौ. कां." च्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं!

युनिकोडवाला: अजून पेजमेकर?? २००१ नंतर त्याची मोठी नवीन आवृत्ती नाही, युनिकोड, म्हणजे सगळीकडे सारखी दिसणारी अक्षरांची पद्धत, त्याला कळत नाही. तुमच्यासारख्यांमुळेच मराठी मजकूर गूगलला सापडत नाही.

माऊली_डीटीपी: लग्नपत्रिका गूगलवर शोधायची असते होय? वीस वर्षांच्या फायली तुम्ही कन्व्हर्ट करून देणार का? कन्व्हर्टरमधून काढलं की रफार भलत्याच अक्षरावर. आजोबांचं नाव चुकलं की छापलेल्या हजार पत्रिका माझ्या गळ्यात, तुमच्या नाही.

युनिकोडवाला: प्रूफ वाचायचा कंटाळा म्हणा ना सरळ.

माऊली_डीटीपी: या एकदा वैशाखात आमच्याकडे, बसा रात्री दोनपर्यंत, मग कंटाळ्याचं बोलू.

हिशोबनीस_ताई: धागा एसएसडीचा होता ना? हार्डडिस्क मरताना निदान कटकट आवाज करते हो. आमच्या ऑफिसातली एसएसडी ऐन मार्चएंडला न सांगता गेली, मशीन सुरू करणाऱ्या बायोसमध्येसुद्धा दिसेना, टॅलीचा बॅकअप होता त्याच ड्राइव्हवर. स्पीड घाला चुलीत.

खटपट्या: ताई, त्याच ड्राइव्हवर ठेवला त्याला बॅकअप म्हणतात?

हिशोबनीस_ताई: ते आमच्या साहेबांना सांगा, माझ्यावर काय ओरडता.

स्पष्टवक्ता: बरं बाबा, टायपिंग-हिशोबापुरती लावा, थोर आहात. पण बायोसमधला ड्राइव्हचा मोड जुन्या आयडीईवरून नव्या एएचसीआयवर न्यायचा असेल तर विंडोज टाकायच्या आधी न्या, नंतर निळा पडदा दिसला की मला मेसेज नको.

खटपट्या: आभार, उपकार झाले. माऊली, जुनी हार्डडिस्क पुसली नसेल तर त्यावरूनच क्लोन होईल, फाँटसकट. स्वतः समोर बसून करून घ्या.

माऊली_डीटीपी: आहे, कपाटात ठेवलीय. तूर्तास तीच परत जोडतो, क्लोनचं आषाढ लागला की बघू, आत्ता मशीन बंद ठेवणं परवडायचं नाही.