वाचून शिकणाऱ्या यंत्राच्या शेजारी कुणी बसायचं?

तळटीप:
पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात टॉम मिचेल यांच्या गटाने जानेवारी २०१० मध्ये ‘नेल’ नावाचा प्रोग्राम सुरू केला. काम एकच: रात्रंदिवस वेबपानं वाचायची आणि तथ्यं टिपायची. अमुक हे शहर, तमुक खेळाडू या संघात. पहिले सहा महिने कुणी हात लावला नाही. तेवढ्यात ‘बेकरीचे पदार्थ’ या खान्यात काय झालं बघा. ब्रेड, केक, कुकी नीट लागले. मग इंटरनेटच्या कुकीज, म्हणजे संकेतस्थळं आपल्या संगणकावर ठेवतात त्या छोट्या नोंदी, त्याही तिथेच जाऊन बसल्या. ‘कुकीज डिलीट केल्या’ हे वाचलेलं होतंच, त्यामुळे ‘फाइल्स डिलीट केल्या’ दिसताच फाइलसुद्धा बेकरीत! एक चूक पुढच्या चुकीची साक्षीदार झाली. माणसाची नजर फिरल्याशिवाय असं ज्ञान वापरूच नये, असं माझं ठाम मत आहे.

सांगलीकर७:
उदाहरण खरं, निष्कर्ष पटला नाही. सगळं माणसांनीच भरायचं हा प्रयोग संगणकशास्त्रज्ञ डग लेनट यांनी १९८४ पासून ‘साइक’ या प्रकल्पात केला. व्यवहारज्ञान एकेक करून हाताने लिहिलं, दशकं गेली, काम संपलं नाही. नेलला निदान बंधनं घातलेली होती: जे शहर आहे ते माणूस असणार नाही. वाक्यांच्या धाटणीवरून एक अंदाज, पानांवरच्या याद्या-तक्त्यांवरून दुसरा. दोन्ही जुळले की विश्वास वाढतो. आणि जूननंतर गटाने प्रत्येक खान्याला दर पंधरवड्याला साधारण ५ मिनिटं दिली. एवढंच.

तळटीप:
अहो, ती ५ मिनिटंच तर मी मागतोय! मराठीसाठी ती कोण देणार? ‘कोल्हापुरी घातली’ आणि ‘कोल्हापुरी मागवली’. एक पायात, एक ताटात. पायातली वस्तू खायची नसते हे बंधन आधी कुणीतरी लिहायला लागतं.

वाचनखूण:
मी मुद्रितशोधन करते. ‘दोन ठिकाणी जुळलं’ यावर माझा अजिबात विश्वास नाही. मागे एका गावावरचा लेख तपासत होते. तालुका शंकास्पद वाटला म्हणून शोधलं, तर नऊ ठिकाणी तोच तालुका. नीट पाहिलं तेव्हा नऊही ठिकाणी ‘स्थापणा’ असंच छापलेलं. म्हणजे एकाच परिच्छेदाच्या नऊ नकला. यंत्राने याला नऊ साक्षी धरलं असतं.

सांगलीकर७:
ताई, हा मुद्दा मान्य. पण सारखा मजकूर ओळखून एकदाच मोजणं यंत्राला आपल्यापेक्षा सोपं आहे. नऊच्या जागी एक धरेल.

वाचनखूण:
धरेल हो. पण ती उरलेली एक साक्षसुद्धा चुकीचीच होती. ग्रामपंचायतीत फोन केला तेव्हा खरा तालुका कळला.