तारा दिसतो ठिपक्याएवढा, मग ग्रहावरची हवा कळते कशी?

चौकस:
एप्रिल 2025 मध्ये के2-18बी या ग्रहावर ‘जीवसृष्टीच्या खुणा’ सापडल्याच्या बातम्या झळकल्या. काही आठवड्यांत दुसरे शास्त्रज्ञ म्हणाले, आम्हाला तसं काही दिसत नाही. दोघांकडे माहिती एकाच जेम्स वेब दुर्बिणीची! ग्रह 124 प्रकाशवर्षांवर. माझ्या समजुतीप्रमाणे तो दुर्बिणीला वेगळा दिसतही नाही, दिसतो फक्त त्याचा तारा, तोही ठिपका. मग तिथल्या हवेत कुठला वायू आहे हे कळतं कसं? आणि कळत असेल, तर भांडण कशाचं? ‘अतिसंवेदनशील उपकरणं’ छाप उत्तर कृपया नको, ते वाचून वाचून पाठ झालंय.

रात्रपाळी:
समजूत बरोबर आहे. ग्रह ताऱ्यासमोरून गेला की ताऱ्याचा प्रकाश किंचित घटतो, तेवढंच मोजतात. लांबून कुणी सूर्याकडे पाहत असेल तर गुरूमुळे 1 टक्का घट दिसेल, पृथ्वीमुळे 0.008 टक्के. केप्लर दुर्बिणीने 2009 ते 2018 या काळात अडीच हजारांहून जास्त ग्रह बहुतांशी असेच पकडले. त्यातून आकार कळतो, हवा नाही. हवेचं बेसलाइन सांगतील, त्यांचा प्रांत आहे तो.

बेसलाइन:
हाक मारलीत म्हणून आलो. मी खगोलवाला नाही. नोकरीभर औषधांच्या प्रयोगशाळेत इन्फ्रारेड स्पेक्ट्रम (कुठल्या तरंगलांबीचा प्रकाश किती, याचे आलेख) काढले, त्यामुळे या बातम्या जरा तिरक्या नजरेने वाचतो.

आमच्याकडे सॅम्पल लावण्याआधी रिकाम्या मशीनचा स्पेक्ट्रम घ्यायचा, त्याला बॅकग्राउंड म्हणायचं. मग सॅम्पलचा घ्यायचा आणि पहिल्याने भागायचं. उरतं ते सॅम्पलचं. नवीन पोरं झाकण उघडं ठेवून मशीनजवळ गप्पा मारायची, आणि 2350 प्रति सेंटिमीटरच्या आसपास दोन शिंगांचा पीक, म्हणजे आलेखातला उंचवटा, उगवायचा. तो सॅम्पलचा नसायचा, त्यांच्याच श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा असायचा.

2350 म्हणजे तरंगलांबीच्या भाषेत 4.26 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ऑगस्ट 2022 मध्ये वेबने वॅस्प-39बी या ग्रहाचा पहिला आलेख दिला, त्यात डोंगरासारखा उभा राहिलेला पीक बरोबर याच जागी होता. मी तो आलेख कितीतरी वेळ नुसता बघत बसलो होतो. 700 प्रकाशवर्षांवरचा ग्रह, आणि पीक आमच्या मशीनवरचाच!

पद्धतही तीच आहे. ग्रह समोर नसताना ताऱ्याचा स्पेक्ट्रम घ्यायचा, हे बॅकग्राउंड. ग्रह समोर असताना पुन्हा घ्यायचा, हे सॅम्पल. ताऱ्याचा थोडासा प्रकाश ग्रहाच्या कडेच्या हवेतून गाळून येतो. ज्या तरंगलांबीला तिथला वायू प्रकाश गिळतो, तिथे ग्रह जरासा मोठा भासतो आणि घट वाढते. 10 जुलै 2022 ला वेबने आठ तासांवर या एकाच ताऱ्याकडे टक लावली. त्यात ग्रह समोर होता पावणेतीन तासांच्या आसपास, बाकीचा वेळ चक्क बॅकग्राउंडवर खर्च. मला हे फार आवडलं. घाईतला माणूस आधी बॅकग्राउंडवरच वेळ वाचवतो. घट सगळीकडे साधारण 2.1 टक्के होती आणि 4.3 मायक्रॉनला त्याहून टक्क्याचा एखाद-दीड दशांश जास्त. पण नॉइज, म्हणजे मोजमापातली खरखर, इतका कमी की खात्री 26 सिग्मा (सिग्मा जितका जास्त, तितकी तो निव्वळ योगायोग असण्याची शक्यता कमी).

ही दुर्बीण 15 लाख किलोमीटर लांब का पाठवली, त्याचंही एक उत्तर इथेच आहे. जमिनीवरून पाहिलं तर आपल्याच हवेतला कार्बन डायऑक्साइड 4.3 ची खिडकी बंद करून टाकतो. उघड्या झाकणाचं मशीनच म्हणा ना.

आता भांडण. के2-18बी मुळे होणारी एकूण घटच जेमतेम 0.3 टक्के, आणि त्यातला हवेचा वाटा ताऱ्याच्या प्रकाशाच्या एक लाखात काही भाग. तरीही 2023 मध्ये मिथेनचा पीक चांगला स्वच्छ मिळाला, त्याबद्दल फारशी कुरकुर नाही. वाद आहे डायमिथिल सल्फाइडचा, जो पृथ्वीवर मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्मजीवांमुळे तयार होतो. 2025 चा दावा 6 ते 12 मायक्रॉन या पट्ट्यातला होता आणि 3 सिग्माचा. दावा करणाऱ्या केंब्रिजच्या चमूने 5 सिग्मा (शोध पक्का मानायची रूढ पातळी) गाठायला वेबचे आणखी 16 ते 24 तास लागतील, असं स्वतःच सांगितलं होतं. ते वाक्य मथळ्यात कुणी घेतलं नाही.

पण माझी खरी अडचण सिग्माची नाही. इन्फ्रारेड पीक रेणूचं नाव सांगत नाही, कुठला बंध हलतोय ते सांगतो. कार्बन-हायड्रोजन बंध असलेले ढीगभर रेणू त्याच परिसरात कमी-अधिक सारखे दिसतात. म्हणून ‘काहीच नाही’ याच्यापेक्षा ‘हा रेणू आहे’ हे 3 सिग्माने सरस, याला मी फारसं वजन देत नाही. यादीत आणखी रेणू घाला आणि मग कोण उरतो ते बघा. नंतरच्या गटांनी तेच केलं आणि या एकाच नावाचा आग्रह धरायचं कारण उरलं नाही. शिवाय हा रेणू 67पी या धूमकेतूवरही सापडलाय. तिथे कुठला आलाय समुद्र?

के2-18बी वरच 2019 मध्ये हबल दुर्बिणीच्या माहितीवरून पाण्याची वाफ जाहीर झाली होती, आठवतंय? हबलची खिडकी अरुंद होती. 1.4 मायक्रॉनला पाणीही गिळतं आणि मिथेनही. वेबने रुंद पट्टा पाहिल्यावर तो पीक बहुधा मिथेनचाच निघाला.

उलटतपासणी:
पण जीव नाही असं तरी कुठे सिद्ध झालंय? इतकं नाक मुरडलं तर उद्या खरा शोधही फेटाळाल.

बेसलाइन:
फेटाळला कुठे? रिपोर्टवर आम्ही ‘पुन्हा तपासा’ लिहायचो, तेच लिहितोय.

चौकस:
पीकचं समजलं, आभार. मग पृथ्वीएवढ्या खडकाळ ग्रहांचं काय? ट्रॅपिस्ट-1 चे सात ग्रह 40 प्रकाशवर्षांवर आहेत ना? त्यांच्या हवेबद्दल अजून ठोस काही का येत नाही?

रात्रपाळी:
कारण तिथे बॅकग्राउंडच बदमाश आहे. तारा गुरूपेक्षा किंचित मोठा, थंड आणि डागाळलेला. अशा थंड ताऱ्याच्या स्वतःच्या वातावरणातही पाण्याची वाफ असते. ग्रह डाग नसलेल्या भागावरून गेला तर भागाकारात खोटा पीक येतो, आणि तो ग्रहाचा की ताऱ्याचा हे ठरवता ठरवता जीव जातो.

बेसलाइन:
म्हणून तिथे उलटीकडूनही धरतात. ग्रह ताऱ्याच्या मागे गेला की त्याची स्वतःची उष्णता हिशोबातून वजा होते, तेवढी घट मोजायची. ट्रॅपिस्ट-1बी ची अशी पाच ग्रहणं 15 मायक्रॉनला पाहिली. 2023 मध्ये उत्तर आलं: दिवसाच्या बाजूला साधारण 230 अंश सेल्सिअस. दाट हवा असती तर उष्णता रात्रीच्या बाजूला वाहून गेली असती आणि आकडा कमी आला असता. म्हणजे बहुधा उघडा खडक. त्याच ताऱ्याचा सी ग्रह शंभराच्या थोडा वर, तिथेही शुक्रासारखं दाट वातावरण नाही. याच पद्धतीने आणखी खडकाळ ग्रह तपासायला वेबचे 500 तास वेगळे काढलेत. आणि सोबत हबल त्या ताऱ्यांच्या अतिनील किरणांवर नजर ठेवणार आहे.