स्कूबी-डूचा दुसरा पिक्चर पहिल्यापेक्षा चांगलाय, उगाच बदनाम केलाय

मिस्टरी_व्हॅन: २००४ चा 'मॉन्स्टर्स अनलीश्ड', म्हणजे भुतांची रहस्यं उकलणाऱ्या चार पोरांच्या टीमच्या आणि त्यांच्या स्कूबी कुत्र्याच्या कार्टूनवरचा दुसरा पिक्चर, म्हटलं की लोक लगेच नाक मुरडतात, त्याला वाईट सीक्वेलचा रॅझी (टुकार सिनेमांना देतात तो थट्टेचा पुरस्कार) मिळाला होता वगैरे सांगतात. पण मला सांगा, २००२ च्या पहिल्या भागात मूळ कार्टूनचं होतं काय? स्पूकी आयलंड, आत्मे चोरणं, आणि शेवटी व्हिलन कोण तर स्कूबीचा भाचा स्क्रॅपी! दुसऱ्या भागात मात्र लेखक जेम्स गन कूल्सव्हिलच्या म्युझियममध्ये जुन्या केसेसचे पोशाख मांडतो, ते चोरीला जातात आणि त्यातून खरीखुरी भुतं तयार होतात. कॅप्टन कटलर, मायनर फोर्टी-नायनर, ब्लॅक नाइट, सगळे १९६९ च्या पहिल्या सीझनमधले. आणि विकल्स म्हणजे कार्टूनच्या पहिल्याच एपिसोडमधला ब्लॅक नाइट, तोच माणूस इथे जेलमधून सुटून आलाय! एवढं प्रेमाने कोण लिहितं?

मुखवटा_काढा: प्रेम असेल, पण मुद्द्यावरच पाणी फिरवलं ना. स्कूबीची सगळी गंमत हीच की भूत नसतंच, मास्क ओढला की आत कुणीतरी लोभी माणूस, जमीन किंवा पैसा लाटायला लोकांना घाबरवणारा. लहानपणी कार्टून नेटवर्कवर बघताना माझी अंधाराची भीती त्याच्यामुळेच गेली, आणि हे मी अगदी सिरियसली सांगतोय. पिक्चरवाले म्हणतात भुतं खरीच आहेत, मशीनमधून निघतात. मग टीममधल्या वेल्माने क्लू शोधायचे कशाला?

मिस्टरी_व्हॅन: अरे पण भुतं बनवणारा माणूसच आहे ना! रिपोर्टर हेदरचा मास्क निघतो आणि आत जुना गुन्हेगार जेकोबो, ज्याला सगळे मेला समजत होते. म्हणजे मास्कवालं तत्त्व आहेच. आणि ती हेदर टीममधल्या फ्रेडची वाक्यं कापून टीव्हीवर दाखवते, अख्खं गाव टीमच्या विरोधात जातं, ते तर मला आजच्या न्यूज चॅनेलांपेक्षा वेगळं वाटत नाही.

चष्मा_हरवला: मी दोघांच्याही विरोधात, कारण वेल्माबद्दल कुणी बोलतच नाहीये. गनने नंतर स्वतःच सांगितलंय की पहिल्या भागाच्या त्याच्या सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये ती उघडपणे लेस्बियन होती, स्टुडिओने ते पातळ करत नेलं आणि सीक्वेलमध्ये तिला बॉयफ्रेंडच दिला. सेथ ग्रीनचा पॅट्रिक वाईट नाहीये, पण टीममधली सगळ्यात हुशार मुलगी त्याच्यासाठी कपडे बदलून, नर्व्हस होऊन फिरते हे बघवत नाही. लिंडा कार्डेलिनी वेल्माचं काम इतकं छान करते म्हणून जास्त राग येतो.

सँडविच_प्रेमी: ते बरोबर आहे ताई, पण शॅगी आणि स्कूबीचं काय? आपण नेहमी घोळ घालतो, टीमला आपल्यामुळे त्रास होतो असं त्या दोघांना वाटतं, आणि शेवटी सगळे टार मॉन्स्टरच्या तावडीत असताना कुत्राच मदतीला येतो. मला दरवेळी भरून येतं. मॅथ्यू लिलार्ड हा शॅगी म्हणूनच जन्मलाय, उगाच नाही केसी केसमनंतर कार्टूनमधलाही आवाज त्याच्याकडे आला.

मुखवटा_काढा: लिलार्डबद्दल वाद नाहीच. पण मग प्रेक्षक का गेले नाहीत? पहिल्याने जगभरात साधारण २७.५ कोटी डॉलर कमावले, दुसऱ्याने १८ कोटींच्या आसपास, आणि तिसरा भाग रद्द.

मिस्टरी_व्हॅन: गल्ल्यावरून पिक्चर ठरवायचा असेल तर बोलणंच खुंटलं. पहिला कमावून गेला कारण लोकांना फक्त कॉम्प्युटरवरचा स्कूबी बघायचा होता, दुसऱ्यात कुतूहल संपलं होतं. वेल्माचा मुद्दा मात्र मला पटला, तिथे गनवर नाही, स्टुडिओवर राग काढा.

चष्मा_हरवला: स्टुडिओवरच काढतेय. पण पडद्यावर जे दिसतं तोच पिक्चर, स्क्रिप्टमध्ये काय होतं ते बघणाऱ्या मुलीला कुठे माहीत असतं?